बिनझाडाचे नथूकाका

उमेळ्याच्या नथूकाकांना सगळं बोलता यायचं, फक्त "मला माहीत नाही" एवढं एक वाक्य सोडून. त्यांना वाट विचारा, वारा विचारा, चंद्रावर सध्या काय चाललंय ते विचारा, उत्तर तयार. खरं ठाऊक असेल तर खरं, नसेल तर तिथल्या तिथे बनवून गरमागरम. त्यांच्या पुढच्या वरच्या दातांत एक जागा रिकामी आहे. मी पहिल्याच भेटीत विचारलं, हा दात कसा पडला, कारण माझं तोंड गप्प बसत नाही. तर म्हणाले, "चिंबोरीनं पाडला." चिंबोरी म्हणजे खाडीतला मोठा खेकडा. खेकडा माणसाच्या तोंडापर्यंत पोचला कसा? "मी वाकलो व्हतो ना, बाय." मला सांगितलं तेव्हा ती चिंबोरी ताटलीएवढी होती. पुढच्या आठवड्यात मनोरमाताईंना सांगताना ती परातीएवढी झाली होती.

मी विनिता. नालासोपाऱ्यात, आचोळ्याला राहते. आमच्या सोसायटीचं नाव शुभसागर. सागर कुठल्याच खिडकीतून दिसत नाही, पण पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरतं, त्यामुळे नाव अगदीच खोटं आहे असं म्हणता येत नाही. आमच्या चेअरमन मनोरमाताई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना समोर दोन माणसं दिसली की त्यांची रांग लावावीशी वाटते. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमधल्या पाण्यात त्यांची स्कूटर बुडाली, आणि हे पाणी का भरतं याचा शोध घेता घेता त्या खाडीकाठच्या तिवरांपर्यंत पोचल्या. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात उभी राहणारी ती झाडं, ज्यांची बोटाएवढी मुळं चिखलातून वर डोकं काढून उभी असतात. ही झाडं भरतीचं पाणी अडवतात, धरतात, हळूहळू सोडतात. ती तोडून वर भराव घातला की ते पाणी आमच्या स्कूटरी शोधत येतं.

झालं. तिवरमित्र मंडळ स्थापन झालं. त्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात भांडणं झाल्यावर 'फक्त कामाचे' असा दुसरा ग्रुप, आणि दुसऱ्यात कोण नाही याची चर्चा करायला तिसरा. मी तिन्हींत आहे, माझा दोष एवढाच की मला नाही म्हणता येत नाही. मंडळाचं पहिलं कलम होतं, 'ज्येष्ठांकडून पारंपरिक ज्ञान घेणे'. ते ज्ञान घ्यायला आम्ही उमेळ्याला गेलो आणि नथूकाकांच्या तावडीत सापडलो.

काकांचं घर खाडीकाठी. एका बाजूला नवीन इमारत, दुसऱ्या बाजूला कॉन्रॅडची केळीची वाडी, मागे भाताचं खाचर, बांध आणि बांधापलीकडे तिवराचं रान. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, कमरेला रुमाल, कानात विडी. मनोरमाताईंनी विचारलं, "काका, तिवराच्या पानांचा औषधी उपयोग काय?" काकांनी आमच्यातल्या एकेकाकडे बघून घेतलं. माझा नवरा श्रीरंग समोरच उभा होता, उन्हात त्याचं टक्कल चकाकत होतं. काका म्हणाले, "केसांला एकदम बेस. पाला वाटून डोक्याला थापायचा."

श्रीरंगने आठवडाभर पाला थापला. घराला ओहोटीचा वास येऊ लागला. केस आले नाहीत, माश्या आल्या. पुढच्या खेपेला हे काकांची बायको हंसाकाकी यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि हसून हसून डोळे पुसले. "अवो, तो पाला म्हशीला घालतात! म्हस चांगलं दूध देते. तुमाला कोनी सांगितलं?" आम्ही काकांकडे बघितलं. काका वारा कुठून येतोय ते बघत होते.

"ह्यांला इच्यारू नका," हंसाकाकी म्हणाल्या. "मला इच्यारा." पण मनोरमाताईंच्या यादीत 'ज्येष्ठ' म्हणून काकांचं नाव होतं, त्यामुळे आम्ही काकांनाच विचारत राहिलो.

तरी एक गोष्ट काकांना खरोखर ठाऊक होती आणि तिथे ते एक शब्दही बनवून सांगत नसत. ती म्हणजे रानातलं प्रत्येक झाड कुणाचं.

त्यांच्या भावकीत, म्हणजे खाडीकाठच्या त्या दहाबारा घरांत, रीतच तशी होती. मूल जन्मलं की त्याची नाळ तिवराच्या एका रोपाखाली चिखलात पुरायची. ते झाड त्या मुलाचं, आणि झाडाला नावही त्याचंच. सून घरात आली की तिच्या नावाचं रोप लावायचं आणि त्याखाली तिच्या माहेरची मूठभर माती घालायची. स्वतःचं मात्र स्वतः पुरायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी पुरायचं. एकदा झाड माणसाचं झालं की त्याला कोयता लावायचा नाही. आणि माणूस गेला की दहाव्याला घरच्या विहिरीचं हंडाभर गोडं पाणी त्याच्या झाडाला घालायचं. जन्मभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या झाडाला तेवढंच गोडं पाणी मिळतं. म्हणून तिथलं रान टिकलं. बाकी किनाऱ्यावर सरपणाला तोड झाली, इथे कुणाची टाप नव्हती.

काका आम्हाला बांधावरून ओळख करून देत. "यो हरेश, माजा पोरगा. यो त्याचा चुलता. ही खुशी, नात, आता कुठं माज्या कमरेला लागलीय." आम्ही झाडांना नमस्कार करायचा की नाही या विचारात पडायचो. मनोरमाताई करायच्या.

बांधाला लागूनच हंसाकाकींचं झाड होतं. मोठं, पसरलेलं, सगळ्यांत पुढे. त्या झाडाचा काकांना भारी उपयोग होता. घरात हंसाकाकींपुढे काकांचा आवाज चढत नसे, चढवून बघितला होता तेव्हाचे अनुभव चांगले नव्हते. मग भांडण झालं की ते तरातरा बांधावर जायचे आणि त्या झाडापुढे उभे राहून मनसोक्त शिव्या घालायचे. "आकडू हायस! कोनाचं ऐकत नायस! म्हातारी जालीस तरी मान खाली नाय!" झाड काही बोलायचं नाही. पोटभर बोलून झालं की काका त्याच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या, बाटल्या, चपला वेचून काढायचे आणि शांतपणे जेवायला घरी जायचे. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. भांडण रोजचं होतं, त्यामुळे रानातलं सगळ्यांत स्वच्छ झाड तेच होतं.

"आणि काका, तुमचं झाड कुठलं?" असं मी विचारलं, अर्थातच मीच, तेव्हा काका म्हणाले, "तुमचं सगल्यांचं एकेक झाड. माजी आख्खी खाडी!" आणि छाती काढून पुढे चालू लागले. मला ते उत्तर मोठं रुबाबदार वाटलं. मागून कॉन्रॅड खो खो हसला. तो काकांचा लहानपणापासूनचा मित्र, त्यामुळे अपमान करायचा हक्क त्याच्याकडे कायमचा.

त्याने सांगितलं ते असं. काकांचा जन्म आईच्या माहेरी, खाडीपलीकडे. बाप नाळ मडक्यात घालून होडीने घरी आणत होता. काठ जवळ आला, काठावर मित्र दिसले. मुलगा झाल्याची बातमी सांगायला बाप होडीत उभा राहिला, दोन्ही हात वर करून ओरडला, आणि मडकं पाण्यात. नाळ गेली खाडीत. "म्हणून ह्याला आम्ही वाहून गेलेला म्हणतो," कॉन्रॅड म्हणाला. "गावात सगल्यांना झाड, हाच एक बिनझाडाचा."

काका पुढे चालतच राहिले, पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मनोरमाताईंना वाटलं, ही रीत आपणही उचलावी. प्रत्येक फ्लॅटला एक झाड. झाड आपलं झालं की माणूस ते राखतो. विचार वाईट नव्हता. फक्त तो सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडला, ही आमची चूक. अशी चूक फ्लॅटवालेच करू शकतात.

रानाच्या कडेला अजून कुणाच्या नावावर नसलेली झाडं होती, त्यांचं वाटप विंगप्रमाणे ठरलं. ए विंगला खाडीच्या तोंडाची झाडं मिळाली, बी विंगला नाल्याकडची. बी विंगने सभात्याग केला. तळमजल्यावरच्या एकाने विचारलं, टू बीएचकेवाल्यांना दोन झाडं का नाहीत. भाडेकरूंना झाड द्यायचं की मालकाला, यावर पाऊण तास गेला. एकीला पूर्वाभिमुख झाड हवं होतं. एकाने झाडावर स्टीलची नेमप्लेट खिळ्याने ठोकली, 'कुलकर्णी, बी-४०३', ती काकांनी पाहिली आणि बांधावरून अशा आरोळ्या ठोकल्या की कुलकर्णी धावत जाऊन खिळे काढून आले. "तुज्या कपाळावर ठोकू का पाटी?" काका विचारत होते. उत्तर हवं होतं असं वाटत नव्हतं.

मग प्रश्न आला, पुरायचं काय? आमच्या सगळ्यांच्या नाळा इस्पितळांनी कुठे टाकल्या देवाला ठाऊक. काकांनी बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "अंगातून एकदाच निघतं ते चालंल. नख नाय, केस नाय, ती परत येतात. एकदा गेलं की परत येत नाय, असं कायतरी आना." हा नियम जुना होता की त्यांनी उभ्या उभ्या बनवला, मी आजही सांगू शकत नाही.

सोसायटीत शोधाशोध सुरू झाली. संकेत आणि उन्नती यांनी त्यांच्या आयुषचे दुधाचे दात आणले. मनोरमाताईंनी डबीत जपून ठेवलेली अक्कलदाढ आणली. आणि माझ्या नवऱ्याने मुतखडा आणला. हा मुतखडा गेली नऊ वर्षं आमच्या शोकेसमध्ये, माझ्या माहेरच्या चांदीच्या गणपतीशेजारी, काचेच्या बाटलीत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला श्रीरंग तो उजेडात धरून दाखवायचा. तो घराबाहेर जावा म्हणून मी भांडले होते, अबोला धरला होता, एकदा माहेरीही गेले होते.

"हा चालेल का?" त्याने काकांना विचारलं. माझा जीव टांगणीला लागला.

काकांनी बाटली कानाशी हलवून पाहिली. "तुज्या अंगात तयार जाला?"

"हो."

"दुसऱ्याचा नाय ना?"

"छे!"

"मंग बेस."

मी स्वतःच्या हाताने तो पुरला, कोपरापर्यंत खोल. दोघांत आमचं झाड एकच, पण मला त्या दिवशी काहीच कमी वाटलं नाही. त्या झाडावर माझा इतका जीव जडला आहे की काय सांगू.

सगळे पाय धुवायला गेले तरी काका बांधावर बसून होते. मी जवळ बसले. समोर आमची आचोळ्याची माणसं आपापल्या झाडापुढे उभी राहून फोटो काढत होती. काका म्हणाले, "तुमाला बी झाडं जाली."

मी म्हटलं, "तुमची अख्खी खाडी आहे ना."

त्यांनी कानातली विडी काढली आणि परत कानात ठेवली. मग म्हणाले, "बाय, हंसाचं पानी हंसाला जाईल. हरेशचं हरेशला. माजं पानी कुठं वतनार? खाडीत? तिला पान्याची काय कमी?"

मला एकदम रडू आलं, आणि त्याबरोबर रागही आला, कारण इतकी वर्षं हा माणूस हे कुणाला बोलला नव्हता. मी म्हटलं, "मग कुणाला तरी सांगा की! हरेश पुरेल काहीतरी."

"मी सांगू? नथूकडं कायतरी नाय, असं नथू सांगनार?" ते उठले. "आनि हाय काय पुरायला? बारकेपनीचे दात कवलावर फेकले. बाकीचे हायत ते जागेवर हायत."

"चिंबोरीवाला?"

"तो हरवला," काका म्हणाले आणि त्या दिवशी चिंबोरीचं माप न सांगताच घरी गेले.

मी हे कुणाला बोलले नाही. माझ्यासारखी बोलली नाही, म्हणजे काय ते समजा.

पावसाळा संपला आणि एका सकाळी रानाच्या टोकाला राडारोड्याचा ढीग दिसला. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट झाला. शेजारच्या इमारतीमागे आणखी एक इमारत यायची होती म्हणे, आणि भराव सरकत सरकत बांधाला, म्हणजे नेमका हंसाकाकींच्या झाडाला भिडला होता. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "हे काय जंगल आहे? चार वर्षांत माजलेलं झुडूप आहे." मनोरमाताईंनी इतक्या कचेऱ्यांत इतके अर्ज दिले की अखेर एका कचेरीने, बहुधा त्यांना थांबवण्यासाठीच, पाहणीला साहेब पाठवायचं कबूल केलं. झाडं जुनी आहेत आणि रान राखलेलं आहे हे साहेबांना दिसलं तर भराव थांबणार होता. नाही दिसलं तर आधी हंसाकाकींचं झाड जाणार होतं, आणि मग बाकीचे ओळीने.

काकांचा तो आठवडा फार वाईट गेला. ते दिवसातून तीनदा हंसाकाकींच्या झाडाकडे जात, पण शिव्या घालत नसत. नुसतेच उभे राहत. हंसाकाकी माझ्याजवळ म्हणाल्या, "ह्यांची तब्येत बरी नाय. भांडत बी नायत."

साहेब सकाळी येणार होते. काकांनी आधीच बजावलं होतं, दुपारच्या आत या, मग पाणी चढतं. साहेब अर्थातच दुपारी आले, पांढरे बूट घालून. काका म्हणाले, "काडा ते." साहेब म्हणाले, "असू दे." तिसऱ्या पावलाला डावा बूट चिखलाने घेतला तो घेतलाच. शिपायाने खांद्यापर्यंत हात घालून शोधला. श्रीरंगने आशेने विचारलं, "काका, साहेबांचंही झाड झालं का?" काका म्हणाले, "बूट नाय चालत. अंगातलं पायजे." साहेबांनी एक पाय मागे घेतला.

मनोरमाताईंनी सगळ्यांना रांगेत लावलं होतं, प्रत्येकजण आपल्या झाडाला खेटून. गावची माणसं पुढे, आमची सोसायटी मागे, बी विंग रुसून थोडी लांब. मग काकांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"हरेश!"

"हजर!" हरेश आपल्या झाडाच्या खोडावर हात ठेवून ओरडला.

"वय सांग सायबांला."

"बेचालीस!"

शिपायाने टेप लावून खोडाचा घेर मोजला. हरेशच्या स्वतःच्या घेरापेक्षा थोडा कमी भरला. मग काकांचे भाऊ, वहिन्या, पुतणे. साठ वर्षांचं झाड, पंचावन्न वर्षांचं झाड, प्रत्येकापुढे तेवढ्याच वयाचं माणूस. खुशी आपल्या झाडाला मिठी मारून उभी होती आणि दोघं एकाच उंचीची होती. साहेब हळूहळू लिहायचे थांबले आणि बघायला लागले. मग आमचे लोक आले. "मनोरमा, अक्कलदाढ!" "हजर!" "आयुष, दुधाचे दात!" "हजर!" "श्रीरंग, मुतखडा!" श्रीरंगने इतक्या अभिमानाने हात वर केला की मी दुसरीकडे बघितलं.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, हे नाटक आहे."

साहेब त्याला म्हणाले, "नाटक असेल. पण साठ वर्षांचं झाड चार वर्षांत माजलं कसं, ते तुम्ही सांगा." साहेब वळले आणि काकांना अगदी सहज, चांगल्या मनाने म्हणाले, "काका, सगळ्यांची ओळख झाली. तुमचं झाड राहिलं. तुमचं कुठलं?"

मी डोळे मिटून घेतले. आता 'आख्खी खाडी' ऐकू येणार असं वाटलं. आलं नाही. डोळे उघडले तर काका बांधावर एकटे उभे होते, सगळी माणसं आपापल्या झाडाशी आणि ते नुसते. खाली पाणी रांगेच्या घोट्याला लागलं होतं.

"माजं..." ते म्हणाले. "माजं नाय, सायेब."

कॉन्रॅड आपल्या वाडीच्या कुंपणाला धरून उभा होता, त्याने मान खाली घातली.

"काय नाय?" पुढच्या झाडाशी हंसाकाकी उभ्या होत्या, त्या कडाडल्या. "हाय की! हितं हाय! सायेब, लिवा. नथू, माज्या झाडाखाली."

काका म्हणाले, "हंसे, गप ऱ्हा. सायेब लिवतायत."

"मंग बरोबर लिवू दे त्यांला! लगनानंतरची पयली संक्रात. मी पयल्यांदा तिलाचे लाडू केले. ह्यांनी एक खाल्ला आनि दात बाहेर. सासूबाई आल्या, काय जालं म्हनून इच्यारलं. तर हे म्हनाले, चिंबोरीनं पाडला."

सगळी रांग हसू लागली. साहेबही. काका मात्र हसत नव्हते. ते हंसाकाकींकडे बघत होते.

"माजी लाज राखली व्हती ह्यांनी," हंसाकाकी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "नवी नवरी, पयला सन, घरभर पावनी. मी तो दात उचलला नि पदराला बांधला. दुसऱ्या दिवशी हितं पुरला. एकदा गेला तो परत आला नाय ना? दुसऱ्यानं पुरला ना? मंग! ह्यांचं झाड हायच की. माजं तेच ह्यांचं."

काका एक पाऊल पुढे आले. "मंग सांगितलं का नाय गो? पन्नास वर्सं लोकं मला बिनझाडाचा म्हनतात!"

"तुमी इच्यारलं कवा? तुमाला तर सगलं माहीत असतं." मग त्यांनी पदराने चिखलाचा हात पुसला आणि म्हणाल्या, "आनि सांगितलं असतं तर तुमी हितं येऊन भांडला असता का? रोज येत व्हता, पिशव्या काडत व्हता, माज्या झाडाची निगा ऱ्हायली. मला काय वाईट व्हतं?"

काकांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू पोचत होतं. चेहऱ्यावर ते सरकताना दिसत होतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "आकडू, कोनाचं ऐकत नायस, मान खाली नाय... ते सगलं मी मलाच?"

"मंग काय!" हंसाकाकी म्हणाल्या. "म्हनून तर सांगितलं नाय."

त्यानंतर साहेबांना काही विचारता आलं नाही, कारण कॉन्रॅड कुंपणासकट वाडीत पडला होता. पाणी गुडघ्याकडे निघालं होतं. साहेबांनी एक बूट हातात घेऊन बांधावर बसून पंचनामा लिहिला. त्यात झाडं, घेर, वयं सगळं आलं. हंसाकाकींच्या झाडापुढे त्यांनी दोन नावं लिहिली, हे मी त्यांच्या खांद्यावरून वाकून स्वतः वाचलं.

भराव थांबला. जो पडला होता तो उचलायला लावला. कायमचा थांबला की साहेबांची बदली होईपर्यंत, ते मला माहीत नाही. हे वाक्य मला बोलता येतं. मनोरमाताईंच्या यादीत 'ज्येष्ठ' या सदरात आता हंसाकाकींचं नाव वर आहे, आणि तिळाचे लाडू कसे करू नयेत हा त्यांचा पहिला धडा होऊन गेला.

परवा मी उमेळ्याला गेले होते, आमच्या मुतखड्याला बघायला. ओहोटी होती. काका हंसाकाकींच्या झाडाकडे तोंड करून उभे होते, कपाळाला आठ्या, हात कमरेवर. घरात काहीतरी मोठं झालं असणार. पण तोंडातून शब्द नव्हता. ते एकदा झाडाच्या डाव्या बाजूला गेले, एकदा उजव्या. वाकून मुळं पाहिली, परत उभे राहिले.

मी म्हटलं, "काय झालं काका? भांडत नाही आज?"

"भांडायचंय गो," काका म्हणाले. "पन तिची बाजू कुठली नि माजी कुठली?"

"मला काय माहीत?"

"मला बी नाय माहीत," नथूकाका म्हणाले, आणि मुळांत अडकलेली एक पिशवी काढून खिशात कोंबत, हंसाकाकींना विचारायला घराकडे निघाले.